माहेरचं माप

वन्सं,

मशीन चालूच आहे. बंद करायला हात धजत नाही, आणि चालू आहे तोवर जीव थाऱ्यावर नाही. त्याची घरघर ओसरीपर्यंत जाते. सकाळी तुझे दादा म्हणाले, "बंद कर बाई ते. इंदू आत बसून राहिली असं वाटतं." मी म्हटलं, "म्हणून तर चालू ठेवलंय." मग ते उठले आणि काही काम नसताना वेशीपर्यंत जाऊन आले.

मी तुझ्याच टेबलाशी बसून लिहितेय. पडद्यावर एका फाईलचं नाव उमटतं, थांबतं, मग दुसरं उमटतं. आपल्या कम्पायलरची दुसरी पिढी तिसरीला जन्म देतेय. त्याला किती वेळ लागतो हे तुला मी काय सांगू! बाळंतिणीच्या खोलीबाहेर ताटकळणाऱ्या माणसाला हाताला काहीतरी चाळा लागतो, तसा हा कागद. लाइट गेली तर बॅटरी फार तर चहाला उकळी येईपर्यंत टिकेल, मग सगळं पहिल्यापासून. आणि कळमनुरीत लाइट जायची वेळ तर होतच आली आहे. दर दोन ओळींमागे मी छताच्या पंख्याकडे बघते.

दुसरी आणि तिसरी पिढी तंतोतंत जुळली तर मशीन इथं राहील, तुझा वर्ग राहील. नाही जुळली तर तुझं महिन्याचं झालं की भंगारवाल्याचा टेम्पो येणार. दादांनी तसा निरोप दिलाय. रागानं नाही दिलेला. त्यांना ती घरघर सोसवत नाही, आणि चुकीची उत्तरं देणारं मशीन पोरींपुढं ठेवायचं नाही हा तर तुझाच नियम.

तुला 'तू' म्हणतेय, ते चारचौघांत बरं दिसायचं नाही. माझ्याहून आठ वर्षांनी लहान तू, पण नवऱ्याची बहीण. लग्न होऊन या घरी आले तेव्हा सासूबाईंनी बजावलं, परकरातल्या पोरीलाही वन्सं म्हणायचं आणि 'तुम्ही' म्हणायचं. मी म्हणायचेही. "वन्सं, तुमच्या वेणीत ऊ फिरून राहिली." पुढं मशीन आलं तेव्हा कायदा तूच बदललास. "वहिनी, 'तुमी चुकलात वन्सं' म्हणेस्तोवर लाइट जाती. निसतं 'चुकली' म्हना." तेव्हापासून स्वयंपाकघरात तुम्ही आणि मशीनपुढं तू. मी आत्ता मशीनपुढं आहे.

ते मशीन आलं त्या दिवशीची मी आठवते आणि हसू येतं. हिंगोलीच्या शाळेत गणित शिकवून केस पिकवलेली बाई. लेकानं पुण्याहून त्याचा जुना कम्प्युटर पाठवला होता, त्यावर मी क्रोशाचं झाकण घालायची, चालू असतानासुद्धा. तो तापून बंद पडला की ओला पंचा फिरवायची. आणि ही बाई स्वतःला हिंगोलीतली कम्प्युटर जाणणारी एकमेव महिला समजत होती! जिल्हा नुकताच परभणीपासून वेगळा झाला होता, त्यामुळं जिल्ह्यात पहिलं असणं तेव्हा फार अवघड नव्हतं म्हणा.

तू कळमनुरीत पुढच्या खोलीत टायपिंगचा वर्ग चालवायचीस. लग्न केलं नाहीस, टाइपरायटरं सांभाळलीस. टायपिंगचे दिवस सरत चालले हे तुला सगळ्यांआधी कळलं. नांदेडच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून तू एक मोठं मशीन उचललंस. एक पेटी आणि तिला जोडलेली आठ टर्मिनलं, म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक, बुद्धी सगळी पेटीत. बैलगाडीतून उतरवताना तुझ्या तोंडावर असं तेज होतं की जणू सून घरी आणलीस. "एका मशीनवर आठ पोरी, वहिनी! आठ कम्प्युटर कोन देतं आपल्याला?"

सगळं होतं त्यात. फक्त कम्पायलर नव्हता.

हे आपल्या गल्लीतल्या बायकांना सांगताना तू काय सांगायचीस ते आठवतं. "पोरी माणसाच्या भाषेत लिवतात. मशीनला निसते आकडे कळतात. मधी जो उतरवून देतो तो कम्पायलर. तो न्हाई तर आठ पोरी आठ पडद्यांपुढं निसत्या बसून राहतील." पुण्याच्या एका मैत्रिणीकडून तुला एका लहानशा कम्पायलरचं मूळ लिखाण मिळालं, फ्लॉप्यांवर. पण ते दुसऱ्याच जातीच्या मशीनसाठी लिहिलेलं. ते आपल्या मशीनवर नांदवायचं होतं. कळमनुरीच्या मशीनवर कम्पायलर नाही, मग कम्पायलर घडवायचा कशानं? म्हणून तो आधी माझ्या हिंगोलीच्या कम्प्युटरवर घडवायचा, फ्लॉपीत घालायचा आणि इथं आणायचा.

"दोन रविवारांत होतंय," ती हिंगोलीची मास्तरीण म्हणाली. वर नाक उडवून म्हणाली, "गणितच तर आहे."

बाई गं. दोन रविवार!

पहिला रविवार तर फ्लॉप्या काळ्या-पिवळ्या जीपमधून आणण्यातच गेला. एसटी चुकली म्हणून ती शहाणी जीपमध्ये बसली, मागच्या बाकाखालच्या मोठ्या स्पीकरवर पिशवी ठेवली आणि गाण्याच्या ठेक्यावर पाय हलवत कळमनुरीला उतरली. स्पीकरातल्या लोहचुंबकानं सगळ्या फ्लॉप्या धुऊन निघाल्या; नशीब, त्या नकला होत्या, मूळच्या हिंगोलीलाच राहिल्या होत्या. तू एकेक घालून बघत होतीस आणि मी विचारत होते, "आलं का?" शेवटची काढून तू म्हणालीस, "आलं की. ढोलकी आली सगळी." त्यानंतर फ्लॉप्या भाकरीच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून, मांडीवर. जीप कायमची बंद.

खरी तकलीफ पुढं होती. पुण्याहून आलेल्या त्या शेकडाभर फायली एकाच ढिगात होत्या. काही मूळ लिखाणाच्या, ज्यात खरं काम असतं. काही हेडर, म्हणजे ज्यात काम नसतं, ओळख असते. कोण कोण आहे, कुणाला किती जागा लागते, कोण कुणाला काय देणं लागतं. काम करणारी प्रत्येक फाईल आधी हेडरला विचारून घेते. आता त्यातलं काय हिंगोलीच्या कम्प्युटरचं, काय कळमनुरीच्या मशीनचं आणि काय दोघांचं सामाईक, हे वेगळं केल्याशिवाय पाऊल पुढं पडेना.

तू त्या ढिगाकडं बघितलंस आणि म्हणालीस, "हे तर लग्नाची भांडी हाय."

मला पटलं. आपल्याकडं लग्नात अख्ख्या गल्लीची भांडी येतात. पंगती उठल्या की अंगणात घासून पालथी घालतात आणि मग नावं वाचून ज्याची त्याची लावतात. नाव घातलेलं नसेल ते भांडं कायमचं परक्या घरी जातं. तू ठरवलंस, प्रत्येक फाईलच्या माथ्यावर एक ओळ घालायची, भांड्यावर घालतात तशी. कुणाकडून, कुणास. आणि दोन मोठी घरं करायची, माहेर आणि सासर. कम्पायलर जिथं जन्मतो ते माहेर, जिथं नांदायचाय ते सासर. हिंगोलीचा कम्प्युटर माहेर, कळमनुरीचं मशीन सासर.

यावर आपलं केवढं वाजलं!

"माझ्या माहेराला सासर म्हनता व्हय?" तू म्हणालीस. "या घरात जन्मले मी."

"आणि मी सून होऊन आले या घरात," मी म्हटलं. "कम्पायलर माझ्यासारखा आहे, तुझ्यासारखा नाही. त्याला सासुरवास आहे."

"तुमाला कुनी केला सासुरवास? मी?"

"तू नाही. तुझ्या उवांनी."

तू हसलीस आणि उठून चहा ठेवलास. हार कबूल करायची तुझी तीच रीत होती. तोंडानं 'व्हय' कधी म्हणाली नाहीस. मुद्दा पटला की गप्प व्हायचीस, आणि आतून पातेलं ठेवल्याचा आवाज यायचा. भांडत असलीस तोवर आशा असायची की मी जिंकेन, आणि गप्प झालीस की जिंकलेली असायची. या गोष्टीला मी कैक वर्षं सरावले होते. आता तू सतत गप्प आहेस आणि माझं कसं होतंय ते तुला कसं सांगू?

आणि ते पातेलं. त्याचा निकाल तर लागलाच नाही.

माझ्या वडलांनी नरसीहून लग्नात दिलेलं पितळी पातेलं, वीस माणसांच्या चहाचं. त्यावर ठळक अक्षरांत वडलांचं नाव आणि गाव, नरसी. खाली बारीक अक्षरांत तुमच्या घराचं नाव, ते राखेनं घासून घासून गेलेलं. आम्ही हिंगोलीला बिऱ्हाड केलं तेव्हा मी ते न्यायला निघाले, तर दारात तू उभी. "दिलेलं भांडं घेनाराचं असतंय वहिनी. ते या घराचं हाय." मी म्हटलं, "नाव वाचा वन्सं. माझ्या वडलांचं आहे." तू म्हणालीस, "देनाराचं नाव असतंयच भांड्यावर. म्हनून काय तो परत नेतो?" तेव्हा स्वयंपाकघर होतं, म्हणून सगळं तुम्ही-आम्हीत चाललं होतं, पण धार कमी नव्हती. पातेलं इथंच राहिलं. दर सणाला मी त्याच्यावरचं नाव मोठ्यानं वाचायची, आणि तू त्यातच आठ पोरींचा चहा करायचीस. मुद्दाम.

लाइट गेली नाही. आत्ता पडद्यावर 'प'नं सुरू होणाऱ्या फायली चालल्या आहेत. पंखा हळू झाला की काय असं वाटलं होतं. भास असावा.

कम्पायलर इथं आणून चालवला त्या दिवशी तू पोरींना पेढे वाटलेस. मी म्हटलं घाई करू नकोस. तू म्हणालीस, "मास्तरीण बोलली!" डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरून येणारी सुनंदा तेव्हा नवी होती. तिनं पहिला प्रोग्राम लिहिला, तांड्यापासून नांदेड किती मीटर. चाळीस किलोमीटर धरले, म्हणजे चाळीस हजार मीटर. मशीननं उत्तर दिलं उणे पंचवीस हजार पाचशे छत्तीस.

"मॅडम," सुनंदा म्हणाली, "आमचा तांडा नांदेडच्या पल्याड गेला का काय?"

सगळ्या पोरी हसल्या. तू हसली नाहीस. तुझ्या कपाळावरची ती आठी मी पहिल्यांदा पाहिली. तू मला बाजूला घेतलंस. "वहिनी, लहान आकडा बराबर येतो. मोठा पलटी खातो. हे माहेरचं माप हाय."

तुझं बरोबर होतं. माझ्या हिंगोलीच्या कम्प्युटरचा आकडा लहान, त्यात बत्तीस हजारांच्या थोडं वर गेलं की उलट्या उड्या. इथल्या मशीनचं माप मोठं, त्यात चाळीस हजार सहज मावतात. आकड्याचं माप सांगणारं एक हेडर होतं, त्याचं नावच तू 'माप' ठेवलं होतंस. नवरी उंबऱ्यावर माप ओलांडून सासरी येते, आपला कम्पायलर बहुतेक ते सोबत घेऊनच आला होता. पण कुठून? सासरच्या घरातलं 'माप' आपण उघडून बघितलं, ते बरोबर होतं. माहेरच्या घरात हिंगोलीचं माप होतं, ते हिंगोलीचं म्हणून बरोबर दिसत होतं. मग चोर कुठं?

त्या दिवशी तू पोरींना सांगितलंस, "या मशीननं दिलेलं उत्तर खरं हाय असं मी तुमाला म्हननार न्हाई. दोन पिढ्या जुळल्या की मग म्हनीन." कम्पायलरनं स्वतःला घडवायचं, त्या घडवलेल्यानं पुन्हा स्वतःला घडवायचं, आणि दोघं तंतोतंत सारखे निघाले पाहिजेत. तोवर पोरी प्रत्येक उत्तर पाटीवर ताडून बघायच्या. कोणता कम्प्युटर वर्ग पाटी-पेन्सिल घेऊन चालतो? तुझा चालायचा.

फायली जुळवून बघायची आज्ञा तू मला शिकवलीस तेव्हाची आणखी एक फजिती. दोन फायली सारख्या असल्या की ते मशीन काहीच बोलत नाही. तू मुद्दाम एक फाईल तिच्याशीच ताडायला लावलीस. मी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. ती मास्तरीण घाबरून वीजच बंद करायला निघाली. "बंद पडलं गं!" तू माझा हात धरलास. "बंद न्हाई पडलं. जमलं म्हनून गप्प हाय. भांडन असलं की बोलंल."

आपल्या दोन पिढ्या ताडल्या की ते बोलायचं. दरवेळी. अमुक जागी फरक, अमुक ओळीला फरक. वर्षं गेली. वर्ग चालला, पोरी शिकून गेल्या, नव्या आल्या, पाट्या तशाच. तू म्हणायचीस, "हेडर सगळे एका जागी करा. एक भांडं दोन घरी राहत न्हाई." मी म्हणायची, "दोन्ही घरं वेगळी ठेव. एकत्र केलंस की माझं हिंगोलीचं बिघडेल." फोनवर, बसस्टँडवर, एकदा तर बाजाराच्या दिवशी भाजीवालीपुढं. ती बिचारी म्हणाली, "बायांनो, वाटनी झाली न्हाई का अजून?" आपण दोघी एकदमच म्हणालो, "न्हाई!"

शेवटचा फोनही तोच. तुझा आवाज बारीक झाला होता. मी तब्येतीचं विचारलं, तू हेडरचं सांगितलंस. "एकदा एका जागी करून तर बघा." मी म्हटलं, "आधी बरी हो, मग बघू." तू गप्प झालीस. मी वाट बघत राहिले, पातेल्याचा आवाज येतो का. तू तेव्हा नांदेडच्या दवाखान्यात होतीस, तिथं कुठलं पातेलं. त्या गप्पपणाचा अर्थ मी अजून लावतेय. पटलं होतं की दमली होतीस?

त्यानंतरचं लिहीत नाही. तुलाही आवडणार नाही.

तेराव्याला जेवणं झाली, अंगणात भांडी पालथी पडली. सुनंदा आली होती, आता ती मोठी झालीय, पदर खोचून बसली नावं वाचायला. मी बाजूला बसून बघत होते. मला काही दिसत नव्हतं खरं तर. ती मोठ्यानं वाचायची आणि त्या त्या ढिगात लावायची. मग तिनं ते पितळी पातेलं उचललं, नाव वाचलं आणि एका पिशवीत घालायला लागली.

"कुठं चाललीस ते घेऊन?"

"नरसीचं हाय की, आजी. नाव हाय. उद्या तिकडं जीप जाती, पोचतं करते."

"अगं, परत कशाला? दिलेलं आहे ते! दिलेलं भांडं घेणाराचं असतं!"

म्हटलं, आणि माझा हात तोंडावर गेला. तुझंच वाक्य, माझ्या तोंडून, तुझ्याच अंगणात. सुनंदा पातेलं धरून तशीच उभी. तिला वाटलं आजीला भोवळ आली. तिनं पाणी आणलं. मी पाणी घेतलं नाही, म्हटलं आधी मला आत मशीनपाशी ने.

'माप'च्या माथ्यावर तू ओळ घातली होतीस, 'हिंगोलीकडून, कळमनुरीस'. इतक्या वर्षांत ती मी शंभरदा वाचली असेल. फायली लावताना मी पहिला शब्द वाचला, हिंगोली, आणि ती माहेरच्या घरात ठेवली, ठळक नाव वाचून पातेलं नरसीच्या ढिगात घालावं तशी. एक प्रत तू सासरात ठेवलीस, घेणाराची म्हणून. पातेल्याच्या भांडणात जिची जी बाजू, तशी तिनं फाईल लावली! मग माहेरच्या घरातलं माप हिंगोलीचंच असणार म्हणून मी त्यात हिंगोलीचा आकडा घालून टाकला, आणि तिथं कुणी उघडून बघितलं तरी ते शोभूनच दिसायचं. ज्या हेडरनं जाणार त्या घराचं माप सांगायचं, ते राहत्या घराचं सांगत बसलं होतं. कम्पायलर जन्मतानाच माहेरचं माप गिळून यायचा.

तुझं एक बरोबर होतं, भांडं एकच हवं. माझं एक बरोबर होतं, घरं दोन हवीत. हे आपण एकमेकींना सांगितलं असतं तर? पण कुणी पुरतं ऐकून घेतलं असतं तेव्हा ना. तू चहा ठेवायला उठली नाहीस आणि मी नाव वाचायची थांबले नाही.

माहेरातली प्रत काढून टाकायच्या आधी मी तिचं नाव तीनदा वाचलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "काढा की, काहून भिता?" तू नाहीस, आणि बिघडलं तर मोडलेलं सांधणारी कुणी उरली नाही. सगळ्याच्या दोन दोन नकला काढल्या, एक इथं कपाटात, एक भाकरीच्या डब्यात. मग हिंगोलीला जाऊन पहिली पिढी पुन्हा घडवली, एसटीनं आणली, मांडीवर. जीपनं नाही. काल दुसरी पिढी झाली. सुनंदाला बोलावून तोच जुना प्रोग्राम टाकायला लावला. उत्तर आलं चाळीस हजार. ती पडद्याला हात लावून म्हणाली, "आला तांडा जाग्यावर." मी तिला म्हटलं, "अजून खरं धरू नको. मॅडमचा नियम माहीत आहे ना? आणखी एक पिढी." ती पाटी काढून बसली.

आणि आज ही तिसरी.

वन्सं, थांबते. पडद्यावर नावं उमटायची थांबली आहेत. लाइट आहे. पंखा चालू आहे. मला वाटतं झालं. हात पुसून घेते, घामेजलेत.

दोन्ही पिढ्यांची नावं लिहून बटण दाबलं.

काही नाही.

खालच्या ओळीत ती चौकोनी टिकली लुकलुकतेय, पुढची आज्ञा मागत. मी पुन्हा दाबलं नाही. वीज बंद करायलाही उठले नाही. नुसती बघत राहिले.

दारात दादा उभे होते, कधी आले कळलंच नाही. "काय म्हणलं गं ते?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग त्या पडद्याकडे. तुझेच भाऊ ते. घरातला गप्पपणा त्यांना माझ्याआधीपासून कळतो. काही न बोलता आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग स्वयंपाकघरातून हाक.

"अगं, लहान पातेलं सापडंना. हे तुझं नरसीचं घेऊ का चहाला?"

"नरसीचं नाही ते, घरचं आहे," मी म्हटलं. "ठेवा."